इंदुरात फोटो प्रिंट करायचेत? रंग नीट देणारी लॅब कशी शोधायची ते सांगते

मुंज झाली, लग्न झालं, वास्तुशांत झाली की फॅमिली ग्रुपवर एकच प्रश्न येतो, प्रिंट कुठून काढायच्या? मग जो तो आपल्या ओळखीच्या दुकानाचं नाव टाकतो, कुणी राजवाड्याजवळचं, कुणी जेल रोडवरचं, कुणी राजेंद्र नगरातलं, आणि प्रत्येक जण म्हणतो मस्त काम करतो तो. मी नाव सांगणार नाहीये, कारण दुकान तेच राहतं पण मशीनवर बसणारा मुलगा बदलतो, कागद बदलतो, सीझनमध्ये घाई असते, आणि ज्याने दिवाळीत सुंदर प्रिंट दिल्या तोच आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांच्या गर्दीत निळसर चेहरे हातात ठेवतो. लॅब पारखायची कशी हे एकदा कळलं की नावाची गरजच पडत नाही, इंदुरातली असो नाहीतर कुरिअरने मागवायची असो.

माझ्या मते चांगल्या लॅबची खूण एकच आहे. तीच फाइल आज दिली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दिली तरी रंग तोच आला पाहिजे. काउंटरवर लावलेले चकाचक नमुने बघून काहीही ठरवू नका, ते निवडून निवडून लावलेले असतात, आणि ते दुसऱ्याच्या चांगल्या कॅमेऱ्यातले फोटो असतात. एखादी लॅब दर वेळी थोडी डार्क प्रिंट देते असं कळलं तर आपण फाइल थोडी उजळ करून देऊ शकतो, पण जी लॅब आज पिवळं आणि उद्या गुलाबी देते तिचं काहीच करता येत नाही.

आता आधी मशीनबद्दल, कारण "फोटो प्रिंट" म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पहिली पद्धत म्हणजे खरा फोटोपेपर, ज्यावर चांदीच्या क्षारांचा थर असतो, मशीनमधला लाल-हिरवा-निळा लेझर त्याच्यावर फोटो उमटवतो आणि मग तो कागद केमिकलच्या टाक्यांमधून धुवून वाळून बाहेर येतो. फुजीची फ्रंटियर आणि नोरित्सूची मशीनं यासाठी प्रसिद्ध आहेत. यात ठिपके नसतात, चेहऱ्यावरचा उजेड-सावलीचा उतार फार छान येतो, आणि भरपूर ४×६ इंची फोटो काढायचे असतील तर बहुतेक हीच पद्धत परवडते. फक्त फुजी किंवा नोरित्सू हे नाव ऐकून खूश होऊ नका, कारण याच कंपन्यांची इंकजेटवाली ड्राय मशीनं पण असतात, म्हणून सरळ विचारायचं, "भैया, ये केमिकलवाली मशीन है या ड्राय?" ड्राय वाईट असते असं अजिबात नाही, पण आपण काय घेतोय ते माहीत पाहिजे.

केमिकलवाल्या मशीनचं एक महत्त्वाचं. केमिकल सतत वापरात आणि ताजं राहिलं पाहिजे, काम कमी असलं की ते हवेने खराब होत जातं, मग पांढऱ्यावर पिवळट झाक दिसायला लागते आणि काळा रंग मळकट होतो. म्हणून अशा कामासाठी मी रिकाम्या दुकानापेक्षा चालती लॅब बघते. दुसरा प्रश्न विचारायचा तो म्हणजे "सुबह सेटअप निकालते हो क्या?" रोज काम सुरू करायच्या आधी मशीन रंगांच्या चौकोनांची एक पट्टी छापतं, ती मोजतं आणि त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं, कागदाचा रोल बदलला की परत करायचं असतं. ज्या लॅबमध्ये हे रोज होतं तिथला माणूस लगेच हो म्हणतो, बऱ्याचदा सकाळची पट्टीच काढून दाखवतो. जो "सेटअप? वो तो कंपनीवाला आता है तब" म्हणतो त्याच्याकडून पासपोर्ट फोटो काढा, आजीचा मोठा फोटो नको.

दुसरी पद्धत इंकजेट. यात शाई दोन प्रकारची, डाय म्हणजे विरघळलेला रंग आणि पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण. डाय शाई चकचकीत कागदावर खूप खुलते, पिगमेंट जास्त टिकते. मोठी फ्रेम करायची असेल, ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल, कॉटनच्या जाड कागदावर आर्ट प्रिंट हवी असेल तर पिगमेंट इंकजेटच घ्या, विशेषतः ब्लॅक अँड व्हाइटसाठी, कारण या मशीनांमध्ये काळ्यासोबत करड्या शाया वेगळ्या असतात आणि फोटो खरोखर करडा येतो, रंगीत फोटोपेपरवर तोच फोटो किंचित हिरवट नाहीतर जांभळट होऊ शकतो. तिसरी पद्धत डाय-सब्लिमेशन, लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांना तिथल्या तिथे फोटो देतात ना, ते छोटं मशीन. रिबनवरचा पिवळा, मजेंटा, सायन रंग उष्णतेने कागदात जातो आणि वरून एक पारदर्शक थर बसतो, हात लावला, पाणी पडलं तरी लगेच काही होत नाही. चौथी म्हणजे डिजिटल प्रेस, टोनर किंवा चार रंगांची शाई, फोटोबुक आणि बरेचसे लग्नाचे अल्बम यावर निघतात. अल्बमसाठी ठीक आहे पण गडद निळा जांभळ्याकडे जातो आणि भिंग लावलं तर चेहऱ्यावर ठिपके दिसतात, म्हणून एकच आवडता फोटो वेगळा काढायचा असेल तर प्रेसवर काढू नका.

बरं, लॅबला दोष द्यायच्या आधी आपली फाइल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो छापायला देऊच नका, तो लहान करून आणि दाबून पाठवला जातो, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळ्यात उत्तम म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक. इंस्टाग्रामचा स्क्रीनशॉट तर नकोच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४×६ साठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८×१२ साठी २४०० बाय ३६००, आणि १२×१८ साठी ३६०० बाय ५४००, पण भिंतीवर लांबून बघायचा मोठा फोटो २०० वर पण छान निघतो, त्यासाठी अडून बसू नका.

आयफोनवाल्यांनी दोन गोष्टी बघा. फोटो एचईआयसी नावाच्या फाइल प्रकारात असतो, तो लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडेलच असं नाही, म्हणून जेपेग करून द्या. आणि आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ नावाच्या मोठ्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे रंगांच्या मोठ्या पल्ल्यात असतात, बहुतेक लॅब त्याहून लहान, नेहमीचा एसआरजीबी गृहीत धरतात. लॅबच्या सॉफ्टवेअरने फाइलमधला प्रोफाइल, म्हणजे रंग कोणत्या कलर स्पेसचे आहेत ते सांगणारी नोंद, वाचलाच नाही तर रंग फिके, मेलेले येतात. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी हा तसाच मोठा कलर स्पेस लावून ठेवणाऱ्यांचं तर हे हमखास होतं आणि मग ते लॅबशी भांडतात. फाइल एसआरजीबीमध्ये बदलून, प्रोफाइल सोबत ठेवून सेव्ह करा, हा प्रश्नच मिटतो.

"प्रिंट काळी आली" ही सगळ्यात कॉमन तक्रार, आणि यात बऱ्याचदा लॅबची काहीच चूक नसते. मोबाइलचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागदावर पडलेला उजेडच काय तो परत येतो, त्यात आपण फोन फुल ब्राइटनेसवर ठेवून फोटो एडिट करतो. सोपा उपाय सांगते. दिवसा खिडकीजवळ बसा, स्क्रीनवर एक कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा, फोनमधला डोळ्यांसाठीचा पिवळट मोड आणि रंग भडक दाखवणारा व्हिव्हिड मोड बंद करा. आता तुमचा फोटो बघा. काळपट वाटतोय? म्हणजे तो काळपटच आहे, आधी उजळ करा. ज्यांना हे काम नेहमीच करायचंय त्यांनी मॉनिटर कॅलिब्रेट करायचं यंत्र घ्यावं किंवा कुणाकडून मागून आणावं, पण घरगुती फोटोंसाठी पांढऱ्या कागदाची युक्ती बरंच काम करते.

आता मुख्य काम, टेस्ट. पाच-सहा फोटो निवडा आणि तेच फोटो, तीच फाइल, दोन-तीन लॅबमध्ये ४×६ मध्ये काढा. यात गोरा आणि सावळा असे दोन चेहरे शेजारी असलेला, सावलीत दिवसा काढलेला एक फोटो पाहिजेच. एक शुद्ध ब्लॅक अँड व्हाइट. एक पांढऱ्या कपड्यांचा, म्हणजे सोवळं, धोतर, सत्यनारायणाच्या चौरंगावरचं वस्त्र असं काहीतरी, ज्यात पांढऱ्यातल्या घड्या दिसल्या पाहिजेत. एक काळ्याचा, चंद्रकळा किंवा मोकळे केस, ज्यात काळ्यातला तपशील दिसला पाहिजे. एक सराफ्यातला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातला, पिवळे बल्ब आणि पांढरे एलईडी एकत्र असलेला. आणि एक भडक रंगांचा, आपल्याकडे त्यासाठी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आहेच.

गेरच्या फोटोवर थोडं जास्त बोलते, कारण लॅब काय करते ते सगळ्यात स्पष्ट इथेच कळतं. माझ्याकडे आत्याचा एक फोटो आहे, राजवाड्यासमोर, मागे गुलालाचा लोट थेट वरच्या मजल्यांपर्यंत चढलेला, तिची पांढरी माहेश्वरी, बारीक जरीची किनार, आणि एका गालावर राणी रंगाचा पंजा. एका लॅबमधून हा फोटो आला तेव्हा गुलाल विटकरी झाला होता आणि साडीच्या पदरावर, मानेच्या सावलीत हिरवट झाक आलेली. दुसऱ्या लॅबमध्ये करेक्शन बंद ठेवून काढला, साडी पांढरी, किनार सोनेरी, गुलाल मोबाइलइतका झगझगीत नाही पण गुलालच. कारण असं की मशीनमधलं ऑटो करेक्शन धरून चालतं की कुठल्याही फोटोतले सगळे रंग मिसळले तर साधारण करडा निघेल. या फोटोत अर्ध्याहून जास्त गुलाबीच आहे, मशीनला वाटतं हा बिघाड आहे, आणि ते गुलाबी कापायला हिरवा घालतं. हळदीच्या फोटोत तसंच, तिथे पिवळं कापायला निळा घालतं आणि नवरीमुलगी आजारी दिसायला लागते. म्हणजे जे फोटो आपल्याला सगळ्यात प्रिय असतात तेच ऑटोमध्ये बिघडतात!

म्हणून लॅबमध्ये जाऊन स्पष्ट सांगायचं, "भैया, ऑटो करेक्शन बंद रखना, जैसी फाइल है वैसी ही निकालना, एक भी बटन मत दबाना." बटन म्हणजे सायन, मजेंटा, यलो हे रंग आणि डेन्सिटी म्हणजे फोटो किती गडद ते, ऑपरेटर प्रत्येक फोटो स्क्रीनवर बघून हे वर-खाली करत असतो. अनुभवी माणूस हे फार सुंदर करतो आणि ज्यांना एडिटिंग येत नाही त्यांच्यासाठी ते वरदानच आहे, पण टेस्टच्या वेळी नको, नाहीतर तुम्ही मशीन तपासताय का माणूस तपासताय तेच कळणार नाही. टेस्ट झाल्यावर हवं तर त्याच फोटोंचा एक सेट त्याच्या हाताने करेक्शन करून पण काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. माणसाच्या हाताचा सेट जास्त चांगला आला तर तो माणूस सोडू नका, कोणत्या वेळी बसतो ते विचारून ठेवा.

प्रिंटच्या मागे लॅबचं नाव आणि तारीख लिहा. या कागदाच्या मागे प्लॅस्टिकचा थर असतो, साधी शाई पसरते आणि बॉलपेन दाबलं की पुढे वळ उठतो, म्हणून परमनंट मार्करने हलक्या हाताने लिहायचं आणि वाळेपर्यंत एकावर एक ठेवायचं नाही.

बघायच्या कशा? सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ, थेट ऊन नको. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली रंग ठरवू नका, काही शाया एका उजेडात एकसारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसतात, म्हणून शेवटी एकदा जिथे फ्रेम लावणार त्या भिंतीपाशी नेऊन पण बघा. सगळ्यात आधी ब्लॅक अँड व्हाइट हातात घ्या, डोळ्याला झाक तिथे लगेच कळते. मग चेहरे, आणि चेहऱ्यात गाल नका बघू, मान, कानाच्या मागे, डोळ्याखाली बघा, हिरवट किंवा जांभळट तिथेच दिसतं. सावळा चेहरा लालसर-विटकरी आलाय का, गोरा चेहरा पांढराफटक पडलाय का. बऱ्याच लॅब चेहरे मुद्दाम उजळ करतात, लोकांना आवडतं म्हणून, मला ते अजिबात पटत नाही, आईचा रंग आईचाच आला पाहिजे. मग पांढऱ्यातल्या घड्या, मग केसांतल्या बटा. भडक रंग सगळ्यात शेवटी, कारण गुलाल, फ्लोरोसंट पोपटी, रॉयल ब्लू हे कागदावर पूर्ण येतच नाहीत कुठेच, त्यावरून लॅबला नापास करू नका.

आणि आता जी पायरी लोक गाळतात ती. आठ-पंधरा दिवसांनी त्यातले दोन फोटो, चेहऱ्यांचा आणि ब्लॅक अँड व्हाइट, त्याच लॅबमध्ये परत काढा. जुनी प्रिंट नव्या प्रिंटवर अर्धी झाकेल अशी ठेवा. शिवण दिसली नाही, म्हणजे कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते तिथे रंग बदलत नसेल, तर ही तुमची लॅब. थोडासा फरक चालतो, पण चेहरा वेगळ्या माणसाचा वाटला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. एवढ्या प्रिंटना खर्च किती येतो, एका कचोरी-जिलबीच्या नाश्त्याइतका, आणि लग्नाचा अल्बम वाया गेला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ऑनलाइन सर्व्हिसला पण हेच सगळं लागू. तिथे ऑर्डर करताना ऑटो एन्हान्स बंद करायचा पर्याय आहे का, कागदाचं नाव दिलंय का नुसतं "प्रीमियम" लिहिलंय, रंग चुकला तर परत छापून देतात का, हे बघा. जी लॅब आपल्या मशीन आणि कागदाचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल, डाउनलोड करायला देते ती रंगांबाबत गंभीर आहे असं समजायला हरकत नाही, फोटोशॉप वापरणारे तो लावून छापायच्या आधीच स्क्रीनवर अंदाज घेऊ शकतात, त्याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. ॲपवरून अपलोड करताना ओरिजिनल साइज निवडा, काही ॲप गुपचूप फोटो लहान करतात.

साइजचा घोळ रंगाशी संबंधित नाही पण रडवतो म्हणून सांगते. मोबाइलचा फोटो बहुतेक ४:३ असतो आणि ४×६ हा ३:२, म्हणजे भरून छापला तर साधारण नववा हिस्सा कापला जातो, आणि फोन उभा धरून काढलेल्या ग्रुप फोटोत नेमके कडेचे काका जातात. मोबाइलचे फोटो ६×८ मध्ये काढा किंवा पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगा.

कागद, थोडक्यात. ग्लॉसीवर रंग सगळ्यात खोल दिसतात पण बोटांचे ठसे आणि समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पण दिसतं. हातोहात फिरणाऱ्या फोटोंसाठी बारीक खरखरीत पोताचा, कमी चमकणारा लस्टर किंवा सिल्क बरा, काचेच्या फ्रेमसाठी मॅट छान. मॅटवर काळा थोडा करडा दिसतो, तो लॅबचा दोष नाही, कागदाचा स्वभाव आहे, म्हणून टेस्ट ज्या कागदावर केली त्याच कागदावर ऑर्डर द्या.

टिकण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये नोकरीसाठी इंदुरात आले, इथेच त्यांचं फोटोग्राफीचं काम सुरू झालं, होळकर दरबाराचा आश्रय मिळाला. त्यांच्या प्रिंट अल्ब्युमेन कागदावरच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेल्या, आणि शंभरावर वर्षं होऊन गेली तरी संग्रहांमध्ये त्या अजून बघायला मिळतात, कारण त्या अल्बममध्ये, उजेडापासून लांब राहिल्या. आपल्या फोटोंना ऊन आणि दमट हवा मारते. गच्चीच्या दारासमोरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका, काच फोटोला टेकणार नाही असं माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगाचा थर निघून येतो. इंकजेट प्रिंट असेल तर फ्रेममध्ये घालायच्या आधी एक दिवस उघडी वाळू द्या. आणि ते चिकट पानांचे, वरून प्लॅस्टिक दाबायचे जुने अल्बम आता बंद करा, त्यातला गोंद फोटो पिवळे करतो, कोपऱ्यात अडकवायचे किंवा खिशांचे अल्बम घ्या.

मोठी ऑर्डर देताना टेस्टमधली तुम्हाला पटलेली प्रिंट सोबत न्या आणि "कलर इसके जैसा चाहिए" म्हणून तीच लॅबमध्ये ठेवा, तोंडाने "थोडा गरम टोन" वगैरे सांगण्यात काही अर्थ नसतो. १२×३६ चा लग्नाचा अल्बम असेल तर सगळी पानं छापायच्या आधी एक पान काढून दाखवायला सांगा, आणि ते पान हळदीचं किंवा रात्रीच्या रिसेप्शनचं निवडा, बागेतलं नको, बागेतलं कुठेही चांगलंच येतं. देवउठनी ग्यारस म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरच्या आणि आखातीजच्या आसपासच्या लग्नसराईच्या आठवड्यांत शक्यतो जाऊच नका, गेलात तर सकाळी जा. तयार झालेल्या प्रिंट काउंटरच्या लाइटखाली मोजून पिशवीत टाकू नका, दुकानाच्या दारात उजेडात येऊन आठ-दहा चेहरे नमुन्याच्या प्रिंटशेजारी धरून बघा, रंग जुळला की मगच बाकीचे पैसे द्या.